वॉकर, फुलर, टकर: एकाच धंद्याची तीन आडनावं

इंग्लंडमध्ये सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांत ‘वॉकर’ येतं. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, राइट म्हणजे सुताराच्या जातकुळीतला कारागीर, हे इंग्रजी शाळेत न गेलेल्या माणसालाही जरा विचार केला की उमगतं. वॉकरपाशी मात्र गाडी अडते. चालणं हा काय धंदा झाला? निरोप्या असेल, फेरीवाला असेल, रानात गस्त घालणारा असेल, असे तर्क खुद्द इंग्रज लोकही करतात आणि तिथेच थांबतात.

वॉकर हा कापड तुडवणारा माणूस. लोकरीचं कापड मागावरून उतरलं की ते पाण्यात आणि मातीत घालून तुडवायचं, आटवायचं, घट्ट करायचं, हे त्याचं काम. इंग्लंडच्या आग्नेय भागात याच माणसाला फुलर म्हणत आणि नैर्ऋत्येला, म्हणजे डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलकडे, टकर. काम एक, हत्यारं तीच, वासही तोच. नावं मात्र तीन पडली, आणि पुढे ती तिन्ही आडनावं होऊन बसली. म्हणून आज कुणाचं आडनाव टकर असेल, तर त्याच्या खापरपणजोबाच्याही कितीतरी मागचा कुणी काय करत होता यापेक्षा, तो कुठे राहत होता हे त्यातून जास्त नेमकं कळतं.

आधी काम समजून घेऊ, कारण आपल्याकडे सुती कापडाची सवय. सुती कापड मागावरून उतरलं की धुवायचं, रंगवायचं, वापरायचं. लोकरीचं तसं नाही. मागावरून आलेलं लोकरीचं कापड विरळ असतं, धागे मोकळे दिसतात, हाताला तेलकट लागतं. मेंढीच्या अंगचा मेणचटपणा असतोच, वर कताईच्या वेळी लोकरीला लावलेलं तेल किंवा लोणीही त्यात मुरलेलं असतं. अशा कापडाचा कोट शिवला तर वारा आरपार जाईल आणि रंगही नीट बसणार नाही.

लोकरीच्या तंतूवर अतिशय बारीक खवले असतात, सगळे एकाच दिशेला झुकलेले. पाणी, ऊब, थोडा क्षार आणि सतत रगडणं या चार गोष्टी एकत्र आल्या की तंतू एकमेकांत सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कापड आक्रसतं, जाड होतं, विणीचे धागे दिसेनासे होतात. कुणी नवा लोकरी स्वेटर गरम पाण्यात घालून वॉशिंग मशीनमधून फिरवला आणि तो लहान मुलाच्या मापाचा होऊन बाहेर आला, तर त्या घरात झालं ते हेच. फरक इतकाच की घरात तो अपघात असतो. वॉकर तेच मोजूनमापून करायचा. कापड रुंदीत एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त आटणार हे धरूनच विणकर ते मागावर तितकं जास्त रुंद विणत असे. म्हणूनच ‘ब्रॉडक्लॉथ’ म्हणजे रुंद पन्ह्याचं लोकरी कापड विणायला इतका रुंद माग लागे की त्यावर दोन विणकर शेजारी शेजारी बसून धोटा एकमेकांकडे फेकत.

क्षार कुठून आणायचा? साबण महाग होता. शिळं मूत्र फुकट होतं. मूत्र काही दिवस साठवून ठेवलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेलकटपणा कापतो. घरोघरी पिंपात साठवायचं, गोळा करणाऱ्याने यायचं, कापडवाल्याला द्यायचं, ही व्यवस्था यॉर्कशरच्या लोकरी भागात थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती. रोमन काळातही हेच होतं. सार्वजनिक मुताऱ्यांतून गोळा होणाऱ्या मूत्रावर सम्राट व्हेस्पेशियनने कर बसवला होता, तो मुख्यतः कापड धुणारे आणि चामडं कमावणारे या गिऱ्हाइकांच्या जिवावर. पाँपेईत सापडलेल्या एका भिंतीचित्रात कामगार गुडघ्यापर्यंत टाकीत उभे राहून कापड तुडवताना दिसतात. लॅटिनमध्ये अशा कामगाराला ‘फुल्लो’ म्हणत, आणि फुलर हे नाव शेवटी तिथूनच आलं.

मूत्राच्या जोडीला माती. तेल शोषून घेणारी, हाताला साबणासारखी लागणारी एक चिकणमाती इंग्लंडमध्ये सरे परगण्यात नटफील्डच्या आसपास, बेडफर्डशरमध्ये आणि बाथजवळ सापडते. तिला इंग्रजीत नाव ‘फुलर्स अर्थ’, म्हणजे फुलरची माती. आपल्याकडे चेहऱ्याला लावायला जी मुलतानी माती वाण्याकडे मिळते, ती याच जातीची. इंग्लंडसाठी ही माती इतकी मोलाची होती की सतराव्या शतकात ती देशाबाहेर न्यायला कायद्याने बंदी होती. परदेशातल्या कापडवाल्यांच्या हाती ती पडू नये, हा हेतू.

तुडवून झालं की कापड धुवायचं आणि उन्हात लांबलचक लाकडी चौकटींवर, कडेच्या आकड्यांत अडकवून ताणायचं, म्हणजे वाळताना ते वाकडंतिकडं आटत नाही. मग टीझल नावाच्या काटेरी झाडाच्या वाळक्या बोंडांनी लव वर ओढायची आणि मोठ्या कात्रीने ती सारखी कातरायची. चौदाव्या शतकातल्या विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या दीर्घ काव्यात हा सगळा क्रम चारच ओळींत येतो. विणून आलेलं कापड पायाखाली किंवा चक्कीच्या ओंडक्यांखाली तुडवलं जाईपर्यंत, पाण्याने धुऊन, बोंडांनी ओरबाडून, ताणून शिंप्याच्या हाती पडेपर्यंत अंगावर घालायला शोभत नाही, असं तो म्हणतो. सांगायचं असतं बाप्तिस्म्याबद्दल: नुकतं जन्मलेलं मूलही तसंच. म्हणजे हे काम वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या सगळ्यांच्या इतकं डोळ्यांसमोरचं होतं की धर्माची गोष्ट पटवायला कवीला तेच सुचलं. गंमत म्हणजे त्या ओळींत तुडवण्यासाठी ‘फुल’ आणि ‘टक’ ही दोन्ही क्रियापदं आली आहेत. बोलीभाषांच्या सीमा पक्क्या नव्हत्या, एका माणसाच्या तोंडी दोन शब्द असू शकत होते.

तरीही ढोबळ नकाशा निघतो. उत्तर इंग्लंड, मिडलंड्स आणि स्कॉटलंडचा सखल भाग इथे वॉकर. ससेक्स, केंट, सफक आणि आसपास फुलर. डेव्हनपासून पुढे टकर. 1881 सालच्या जनगणनेवरून जे आडनावांचे नकाशे काढले गेले आहेत, त्यांत रेल्वे आणि कारखाने येऊन इतकी उलथापालथ झालेली असूनही हे तीन प्रदेश ओळखू येतात. वॉकर सगळ्यांत जास्त यॉर्कशरमध्ये आणि टकर डेव्हनमध्ये.

आता ‘वॉकर’ या शब्दाची गोष्ट, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. पायाने कापडावर चालायचा म्हणून वॉकर, असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं, आणि ऐकायला ते पटतंही. पण जुन्या इंग्रजीत ‘वेअल्कन’ या क्रियापदाचा अर्थ चालणं नव्हताच. लोळवणं, घुसळणं, इकडून तिकडे उलथणं असा तो अर्थ होता. कापड घुसळणारा म्हणून ‘वेअल्केरे’ हा शब्द त्या काळीच रूढ होता. ‘पायी जाणे’ हा अर्थ या क्रियापदाला नंतर, साधारण 1200 च्या सुमारास चिकटला. म्हणजे धंद्याचं नाव आधीचं आणि चालणं नंतरचं. जर्मनमध्ये ‘वाल्कन’ या शब्दाचा अर्थ आजही कापड किंवा पीठ मळणं असाच आहे, चालण्याशी त्याचं देणंघेणं नाही. टकरचं मूळ तर आणखी भारी आहे. जुन्या इंग्रजीतल्या ‘टूकियन’चा अर्थ छळणं, हाल करणं. कापडाचे हाल करणारा तो टकर!

हे तिन्ही शब्द धंद्यासाठी होते तोवर माणसागणिक बदलत. बाप वॉकर असेल आणि मुलगा भाकऱ्या भाजायला लागला, तर तो बेकर. आडनाव म्हणून ते बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जायला लागलं ते सावकाश. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्यातल्या जमीनदारांना जमिनीचा वारसा दाखवायचा होता, म्हणून त्यांच्यात आडनाव आधी रुजलं. सामान्य लोकांत दक्षिणेकडे ते साधारण चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, आणि उत्तरेकडे त्यानंतर आणखी पन्नास-शंभर वर्षांनी स्थिरावलं. गावात चार जॉन असले तर सरकारी कारकुनाने त्यांना वेगळं ओळखायचं कसं? कर, कोर्ट, जमिनीचा खंड, सगळीकडे तोच प्रश्न. 1377, 1379 आणि 1381 मध्ये डोईपट्टी बसली, तेव्हा गावोगावच्या माणसांची नावं चर्मपत्रावर उतरवली गेली. त्यातली पुष्कळ नावं आज आपल्याला आडनावांसारखी दिसतात, पण त्यातली किती खरोखर वंशपरंपरेची होती आणि किती नुसती त्या माणसाची ओळख होती, हे एकेक नाव धरून तपासावं लागतं.

त्यात आणखी एक पेच. कारकून लिहायचा लॅटिनमध्ये, कधी फ्रेंचमध्ये. समोरचा माणूस गावात वॉकर असो, टकर असो की फुलर, लॅटिनमध्ये तिघांनाही ‘फुल्लो’. त्यामुळे यॉर्कशरच्या जुन्या कागदात ‘फुल्लो’ दिसला म्हणून तिथे फुलर आडनावाचे लोक होते असं धरता येत नाही. कारकुनाने इंग्रजी शब्द तसाच, पुढे फ्रेंच ‘ल’ (इंग्रजी ‘द’सारखा शब्द) लावून लिहिला असेल, तरच त्या गावात लोक त्याला काय म्हणत ते कळतं.

मराठी वाचकाने इथे एक सवय बाजूला ठेवावी. आपल्याकडे सुतार, लोहार, कुंभार ही आडनावं ऐकली की धंद्याबरोबर जात डोळ्यांपुढे येते आणि तो धंदा पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत होता असं आपण गृहीत धरतो. इंग्रजी वॉकर म्हणजे वॉकरांची जात नव्हे. शहरांत धंद्याचे संघ होते, त्यांचे कडक नियम होते, उमेदवारीची वर्षं होती. पण लोहाराचा मुलगा त्या संघात उमेदवार म्हणून जाऊ शकत होता आणि वॉकरचा मुलगा खाटीक होऊ शकत होता. 1413 मध्ये पाचव्या हेन्रीच्या कारकिर्दीत कायदा झाला की कोर्टाच्या ठराविक कागदांत प्रतिवादीच्या नावापुढे त्याचा दर्जा किंवा धंदा आणि गाव लिहिलंच पाहिजे. आडनावाने धंदा कळत असता तर या कायद्याची गरजच पडली नसती. म्हणजे एव्हाना वॉकर आडनावाचा माणूस कापड तुडवत असेलच याचा सरकारलाही भरवसा उरलेला नव्हता. पुढे 1538 मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकुमावरून प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. आपल्या घराण्याचा माग काढणारे बहुतेक इंग्रज मागे मागे जात इथवर येऊन अडकतात.

आता एक साधा प्रश्न. कापडाच्या धंद्यात कताई करणारे आणि विणकर हजारो होते, तुडवणारे त्यामानाने थोडे. मग वॉकर इतके कसे? विणकरांवरूनही आडनावं पडली आहेतच: उत्तरेत वेब्स्टर, दक्षिणेत वेब आणि वेबर. पण वॉकरच्या संख्येपुढे ती बरीच कमी आहेत. त्याचं कारण नाव पडण्याच्या रीतीतच आहे. ज्या गावात घरटी माग आहे, तिथे एखाद्याला ‘विणकर’ म्हणून हाक मारून उपयोग काय? दहा जण वळून बघतील. ओढ्याकाठी एकट्याने राहून अख्ख्या पंचक्रोशीचं कापड तुडवून देणारा माणूस एकच असायचा, त्याला ते नाव घट्ट बसलं. लोहारांचंही तेच.

आणि हा माणूस ओढ्याकाठी का गेला, तर पाणचक्कीसाठी. मला विचाराल तर या आडनावाच्या इतिहासातला सगळ्यांत रंगतदार भाग हाच. वॉकर हे आडनाव म्हणून पक्कं होत होतं, नेमक्या त्याच काळात पायाने तुडवणं मागे पडत होतं. 1185 मध्ये टेंपलर या लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या इंग्लंडमधल्या मालमत्तेची मोजदाद झाली. त्यात कापड तुडवण्याच्या दोन पाणचक्क्यांची नोंद आहे, एक यॉर्कशरमध्ये लीड्सजवळच्या न्यूसमला आणि दुसरी ग्लॉस्टरशरमधल्या बार्टनला. इंग्लंडमधल्या अशा चक्क्यांच्या या सर्वांत जुन्या नोंदींपैकी आहेत. पुढच्या शंभर वर्षांत त्या जिथे उताराचं पाणी आहे तिथे पसरल्या: पेनाइन डोंगररांगा, कॉट्सवोल्ड्स, डेव्हन, लेक डिस्ट्रिक्ट.

लँकशरमधल्या हेल्मशोर इथे 1789 साली बांधलेली अशी एक चक्की संग्रहालय म्हणून जपली आहे. तिच्याकडे पाहिलं की यंत्र लगेच समजतं. एक मोठं पाणचाक. त्याच्या आसाला खुंट्या. आस फिरला की खुंटी एका जड लाकडी हातोड्याचा दांडा उचलते, खुंटी निसटली की हातोडा धाडकन खाली लाकडी हौदात, कापडाच्या घडीवर. शेजारचा हातोडा तोवर वर जातो. हौदाचा तळ मुद्दाम गोलसर केलेला, त्यामुळे प्रत्येक घावाबरोबर कापडाची घडी थोडी थोडी फिरत राहते आणि एकाच जागी मार बसून फाटत नाही. तासन्‌तास हेच. वॉकरने मधूनमधून कापड काढायचं, सुरकुत्या मोडायच्या, किती आटलंय ते पाहायचं, परत घालायचं. जरा दुर्लक्ष झालं तर विणकराची कित्येक दिवसांची मेहनत पार आटून बसायची, म्हणून हा माणूस नुसता हमाल नव्हता. पाय गेले तरी त्याचा अंदाज आणि नजर लागतच होती.

या चक्कीने भांडणंही पुष्कळ लावली. चक्की बांधणार जमीनदार किंवा मठ, आणि मग रयतेने तिथेच कापड आणलं पाहिजे, पैसे मोजले पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. सेंट ऑल्बन्स गावच्या मठाधिपतीचं 1274 मध्ये याच कारणावरून गावकऱ्यांशी वाजलं. लोक घरीच पायाने कापड तुडवत होते, मठाची माणसं ते जप्त करत होती. त्याच वर्षी राजा पहिल्या एडवर्डची राणी एलिनॉर गावातून जाणार होती. गावच्या बायका तिच्यापुढे हात पसरून गाऱ्हाणं घालायला जमल्या. मठाने दळणाच्या बाबतीतही हाच जुलूम चालवला होता. पुढे एका मठाधिपतीने लोकांची दळायची दगडी जाती जप्त करून ती आपल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवली, आणि 1381 च्या शेतकऱ्यांच्या बंडात लोकांनी ती फरशी उखडली. लंडनमध्ये भांडण उलट बाजूने होतं. तिथले पायाने तुडवणारे कारागीर 1298 मध्ये तक्रार करत होते की शहराचं कापड बाहेर स्ट्रॅटफर्डच्या चक्क्यांवर पाठवलं जातं आणि आमच्या पोटावर पाय येतो. टोप्या तर चक्कीत घालायच्याच नाहीत, त्या हातापायानेच मळायच्या, असा कायदा पंधराव्या शतकाच्या अखेरीस संसदेने केला. तो किती पाळला गेला असेल याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही.

इतिहासकार एलिनोरा कॅरस-विल्सन यांनी 1941 मध्ये या सगळ्याला ‘तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती’ असं नाव दिलं. चक्कीमुळे कापडधंदा जुन्या शहरांतून निघून डोंगराळ खेड्यांत गेला, अशी त्यांची मांडणी. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले, कारण शहरं खालावण्याची कारणं इतर होती आणि चक्कीचा नफाही सगळीकडे सारखा नव्हता. मलाही ‘क्रांती’ हा शब्द जरा मोठा वाटतो. पण आडनावांच्या नकाशापुरतं बोलायचं तर पाण्याने माणसं हलवली हे नाकारता येत नाही. गावांची नावंच पाहा. उत्तरेत ‘वॉक मिल’, बाथजवळ आणि कॉर्नवॉलमध्ये ‘टकिंग मिल’. वेल्श भाषेत अशा चक्कीला ‘पांडी’ म्हणतात, म्हणून वेल्समध्ये पांडी नावाची गावं जागोजागी आहेत, आणि खाणकामगारांच्या संपामुळे पुढे गाजलेल्या टोनीपांडीच्या नावातही हीच चक्की आहे. एक्सेटर शहरात विणकर, तुडवणारे आणि लव कातरणारे यांच्या संघाची 1471 मधली इमारत अजून उभी आहे, तिचं नाव टकर्स हॉल. लंडनमध्ये मात्र तुडवणाऱ्यांचा आणि कातरणाऱ्यांचा संघ 1528 मध्ये एकत्र करून क्लॉथवर्कर्स कंपनी केली गेली. तीही आजतागायत चालू आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटांवर चक्की फारशी पोचलीच नाही. तिथे विसाव्या शतकापर्यंत बायका लांब फळीभोवती बसून ओलं कापड हाताने आपटत, सूर्याच्या दिशेने एकमेकींकडे सरकवत, आणि आपटण्याच्या ठेक्यावर गाणी म्हणत. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झील धरायची. ही गाणी आता ध्वनिमुद्रित झाली आहेत. काम बायकांचं, पण आडनाव पुरुषाच्या बाजूने: गेलिक भाषेत तुडवणाऱ्याचा मुलगा म्हणून जे आडनाव होतं, त्याचं इंग्रजी करताना पुष्कळ कुटुंबांनी वॉकर हेच घेतलं. म्हणजे आजच्या वॉकरांतले काही मुळात इंग्रजी बोलणारेही नव्हते.

या घट्ट, जाड, वारा अडवणाऱ्या कापडाचे गठ्ठे ईस्ट इंडिया कंपनीने सुरत-मुंबईकडेही आणले. इंग्लंडातल्या लोकरवाल्यांचा दबाव होता, जहाजातून सोनं-चांदी नेता तर आमचं कापडही न्या. आपल्या उन्हाळ्यात ते खपणार किती! पण तंबू, झुली, पालख्यांची आच्छादनं आणि सरदारांचे पोशाख यांत ते वापरलं गेलं, आणि मराठीत त्याला ‘बनात’ आणि ‘सकलाद’ ही नावं रुळली. जुन्या कागदांत बनातीचा अंगरखा किंवा सकलादीची झूल वाचली, तर ते कापड विलायती असल्यास डेव्हन किंवा ग्लॉस्टरशरच्या एखाद्या ओढ्यावर अशाच हातोड्यांखाली आटलेलं असण्याची शक्यता बरीच.

वॉकरने मुंबई गाठली ती मात्र वेगळ्याच वाटेने. 1820 मध्ये स्कॉटलंडच्या किल्मार्नॉक गावात जॉन वॉकर नावाच्या तरुणाने किराण्याचं दुकान काढलं, त्यातून व्हिस्कीचा धंदा वाढला. 1908 मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराने बाटलीसाठी लांब ढांगा टाकत चालणारा ऐटबाज माणूस काढला. तोवर वॉकर म्हणजे चालणारा, हा गैरसमज इतका मुरला होता की चित्रात कापड यायचा प्रश्नच नव्हता. पुढे मुंबईतल्या बेस्ट बसचे एक कंडक्टर, बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी, सिनेमात दारुड्याची नक्कल करून आले आणि गुरुदत्त यांनी त्यांना त्या व्हिस्कीचंच नाव देऊन टाकलं. जॉनी वॉकर! आपल्याकडे हे आडनाव घराघरांत पोचलं ते असं.

फुलरांच्याही अशाच उड्या. लंडनमध्ये 1845 साली बिअर गाळणाऱ्या तिघांनी भागीदारी केली: फुलर, स्मिथ आणि टर्नर. कापड तुडवणारा, लोहार आणि कातारी, आणि तिघांतला एकही त्या धंद्यात नाही. ससेक्सचं एक फुलर घराणं लोखंड गाळून तोफा ओतायचं आणि जमैकात गुलामांच्या घामावर उसाचे मळे चालवायचं. त्यातल्या जॉन फुलरने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेला देणगी दिली, आणि त्या फुलेरियन अध्यासनावर रसायनशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणून 1833 मध्ये मायकेल फॅरडे बसला. रसायनशास्त्राशी या नावाचं बहुधा काही ऋणानुबंध असावेत, कारण 1985 मध्ये साठ कार्बन अणूंचा चेंडूच्या आकाराचा रेणू सापडला, तेव्हा तसेच घुमट उभारणारे अमेरिकी वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्यावरून त्याचं नाव फुलरीन पडलं. क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना 1996 चं नोबेल मिळालं ते याच शोधासाठी.

याच धंद्याच्या कुटुंबातली आणखी काही नावं वाचकाला आता सहज ओळखू येतील. लव कातरणारा तो शीअरमन, त्याचं झालं शर्मन. रंगारी दक्षिणेकडे डायर आणि उत्तरेकडे लिस्टर. जालियनवाला बागेतल्या डायरचं आडनावही हेच.

आता ज्या प्रश्नासाठी लोक आडनावं धुंडाळतात त्याकडे: सगळे वॉकर एकमेकांचे भाऊबंद का? नाही, आणि तसं असण्याचं कारणही नाही. हे नाव शेकडो ओढ्यांवर शेकडो माणसांना स्वतंत्रपणे पडलं. लेस्टर विद्यापीठात तुरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा आणि आडनावांचा मेळ घालून पाहिला. 2009 मध्ये त्यांनी मांडलेले निष्कर्ष असे की ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाचे पुरुष बहुतांशी एकाच पूर्वजापर्यंत पोचतात, तर स्मिथ आडनावाचे कुठलेही दोन पुरुष रस्त्यावरच्या कुणाही दोघांइतकेच परके असतात. वॉकर हे मोठ्या संख्येचं धंद्याचं नाव असल्याने त्याची जागा स्मिथच्या बाजूला.

अमेरिकेत तर नावाचा आणि रक्ताचा संबंध आणखीच सुटला. 1625 च्या सुरुवातीला व्हर्जिनिया वसाहतीत झालेल्या शिरगणतीत कॅप्टन विल्यम टकर याच्या घरी अँथनी आणि इझाबेला हे आफ्रिकी जोडपं आणि त्यांचं बाप्तिस्मा झालेलं बाळ विल्यम यांची नोंद आहे. त्या बाळाला आज विल्यम टकर म्हणूनच ओळखतात, मालकाच्या नावावरून. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत हजारो गुलामांच्या वंशजांकडे वॉकर, टकर, फुलर ही आडनावं आली. केसांच्या तेला-मलमांच्या धंद्यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी एक ठरलेल्या मॅडम सी. जे. वॉकर या जन्माने सेरा ब्रीडलव्ह. 1867 मध्ये लुइझियानात, आईबाप गुलामीतून नुकतेच सुटलेले असताना, त्यांचा जन्म झाला. वॉकर हे नाव त्यांना नवऱ्याकडून मिळालं, नवरा सोडल्यावरही त्यांनी ते ठेवलं, कारण तोवर ते डब्यांवर छापलेलं होतं.